बाबांच्या फाइलमधलं ‘ड्रूलिंग’

पत्र : माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. गोळ्यांमुळे हाताची थरथर बरीच आटोक्यात आहे, पण गेल्या काही महिन्यांत तोंडातून लाळ गळू लागली आहे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी फाइलमध्ये ‘ड्रूलिंग – ३’ एवढंच लिहिलं. घरी येऊन मी त्या शब्दाचा अर्थ शोधला, तर कुठे ‘लाळ गळणे’, कुठे ‘एखाद्या गोष्टीसाठी हपापणे’, कुठे ‘काहीबाही बरळणे’. त्यातच माझ्या भावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं, की बाबा हल्ली ‘स्लॉबर’ करतात. बाबांनी ते वाचलं. बोलले काहीच नाहीत, पण तेव्हापासून कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतात. आई सारखी ‘तोंड पुसा, तोंड पुसा’ म्हणत असते. एका परिचितांनी सुचवलं म्हणून आम्ही त्यांचं पाणीही कमी केलंय. या शब्दाचा नेमका अर्थ काय? बाबांना लाळ जास्त सुटते आहे का? आणि आम्ही करायचं तरी काय?
– एक मुलगी

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी बाबांचं पाणी पूर्ववत करा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. पाणी तोडल्याने लाळ थांबत नाही, ती घट्ट आणि चिकट होते, आणि घट्ट लाळ गिळणं आणखी अवघड जातं. शिवाय पार्किन्सन्समध्ये बद्धकोष्ठता आणि उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरणं या दोन्ही गोष्टी आधीच मागे लागलेल्या असतात. पाणी कमी पडलं की दोन्ही वाढतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्यांच्या डॉक्टरांनीच पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. परिचितांच्या सांगण्यावरून मात्र हे करू नका.

आता त्या शब्दाकडे येते. बोलण्याच्या आणि गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा शब्द मी दिवसातून अनेकदा ऐकते आणि लिहिते. ‘ड्रूल’ म्हणजे तोंडातली लाळ ओठांबाहेर येऊन गळणं. बस, एवढंच. त्यात ना शिवी आहे, ना दोषारोप. तान्ही बाळं ड्रूल करतात, गाढ झोपेत धडधाकट माणसंही उशी ओली करतात, दातांच्या डॉक्टरांनी भूल दिली की तासाभरासाठी कुणाचंही तसंच होतं. डॉक्टर हा शब्द ‘खोकला’ किंवा ‘सूज’ लिहावं तितक्याच सहजपणे लिहितात.

तुम्हाला सापडलेला हपापण्याचा अर्थ त्याच शब्दाचा, पण त्याच्यापुढे ‘ओव्हर’ जोडल्यावर येतो. एखाद्या नव्या मोटारीवर कुणी ‘ड्रूल ओव्हर’ करतो, म्हणजे ती पाहून त्याची लाळ गळते. आपल्याकडेही लाळ गळणं शब्दशः असतं आणि हव्यासापोटीही असतं, तसंच हे. बरळण्याचा अर्थ जुना आहे. ड्रूल हा शब्द ‘ड्रिव्हल’ या आणखी जुन्या शब्दापासून आला असं मानतात, आणि ड्रिव्हलचा लाळ हा मूळ अर्थ मागे पडून आज तो निरर्थक बडबडीसाठीच जास्त वापरला जातो. फाइलवरच्या शब्दाशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

‘स्लॉबर’चं मात्र तसं नाही. कोशात तो ड्रूलच्या शेजारीच सापडेल, कदाचित समानार्थी म्हणूनही दिलेला असेल. पण इंग्रजी बोलणारे लोक तो बहुतेक वेळा कुत्र्याबद्दल वापरतात: भरपूर लाळ, ती सगळीकडे माखलेली, वर तोंडाचा चपचप आवाज. मोठ्या माणसाबद्दल तो वापरला की त्यात किळस येते. तुमच्या भावाच्या मनात तसं काही नसेल. आपण दुसऱ्या भाषेत लिहितो तेव्हा शब्दाचा अर्थ माहीत असतो, त्याची चव माहीत नसते. पण बाबांना ती कळली. भावाला रागावू नका, फक्त हे सांगा, आणि ग्रुपवर त्याच्याच हातून दुसरं वाक्य जाऊ द्या: ‘आजारामुळे बाबांचं गिळणं मंदावलंय, म्हणून लाळ बाहेर येते. उपचार सुरू आहेत. त्यांना सगळं नीट कळतं, नेहमीसारखे गप्पा मारायला या.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, चेहरा निर्विकार दिसतो, पापण्याही कमी लवतात. त्यावर लाळेची भर पडली की पाहणारा मनाशी ठरवून टाकतो, की माणसाची समज गेली. मग लोक त्यांच्याशी बोलायचं सोडून त्यांच्याबद्दल बोलू लागतात, तेही त्यांच्यासमोर. लाळ गळते यावरून माणसाची समज गेली असं ठरत नाही.

आता तो ‘३’. पार्किन्सन्सच्या रुग्णांची तब्येत मोजण्यासाठी जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ एक ठरावीक मापनपट्टी वापरतात. तिची सध्याची आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लाळेबद्दल एक वेगळा प्रश्न आहे आणि उत्तर शून्य ते चार या आकड्यांत द्यायचं असतं. शून्य म्हणजे काही तक्रार नाही. एक म्हणजे तोंडात लाळ जास्त वाटते, पण बाहेर येत नाही. दोन म्हणजे झोपेत गळते, जागेपणी नाही. तीन म्हणजे जागेपणीही थोडी गळते, पण सहसा रुमाल लागत नाही. चार म्हणजे कपडे खराब होऊ नयेत म्हणून सतत रुमाल किंवा कापड जवळ ठेवावं लागतं. तुमच्या फाइलवरचा आकडा बहुधा याच पट्टीचा असावा. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आई सारखी पुसायला सांगते आहे त्या अर्थी तीनचे चार होत आलेत का, हेही तेव्हाच सांगा. तो फरक कळला तर उपचार बदलू शकतो.

लाळ जास्त सुटते का, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे चूक झाली की पुढचे सगळे उपाय चुकतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांपुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या ती तयार करतात. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा त्यातला मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथींचा असतो. कानांपुढच्या ग्रंथी मुख्यतः जेवताना कामाला लागतात. एवढी लाळ कुठे जाते ते आपल्याला कळत नाही, कारण जागेपणी मिनिटा-दोन मिनिटांनी आपण ती नकळत गिळत असतो. ओठ मिटतात, जीभ टाळूला टेकते, लाळ मागे ढकलली जाते, कंठमणी वर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. कुणी लक्षात आणून दिलं तरच कळतं, की आपण आत्ता गिळलं.

पार्किन्सन्समध्ये नेमकी ही नकळत होणारी कामं मंदावतात. चालताना हात आपोआप हलेनासे होतात, पापण्या कमी लवतात, तसंच गिळणंही कमी वेळा होतं. ओठ थोडे उघडे राहतात, मान पुढे झुकते, आणि साठलेली लाळ उताराकडे जाते. पार्किन्सन्सच्या रुग्णांची लाळ मोजून पाहिली तेव्हा ती नेहमीइतकी किंवा नेहमीपेक्षा कमीच भरली आहे. नळ तेवढाच वाहतो आहे, मोरी तुंबली आहे. म्हणून तर अनेक रुग्ण एकाच वेळी दोन तक्रारी सांगतात, की तोंड कोरडं पडतं आणि लाळही गळते. घरच्यांना ते खरं वाटत नाही. ते खरं असतं.

ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांच्या हे तेव्हाच लक्षात आलं होतं. १८१७ मध्ये त्यांनी अवघ्या सहा जणांच्या निरीक्षणावरून या आजाराचं वर्णन लिहिलं. त्यातले काही तर त्यांना रस्त्यावर दिसलेले लोक होते. लाळ घशाकडे नेली जात नाही म्हणून ती तोंडातून सतत गळत राहते, असं त्यात स्पष्ट आहे. इतकी वर्षं लोटली तरी आपण अजून ‘लाळ फार सुटते’ असंच म्हणतो आणि पाणी बंद करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वैद्यकीय कागदांवर तुम्हाला ‘सायलोरिया’ हा शब्दही दिसेल. ग्रीक मुळांप्रमाणे त्याचा अर्थ लाळेचा प्रवाह. काही डॉक्टर तो लाळ जास्त तयार होण्यासाठी वापरतात, काही नुसत्या गळण्यासाठी. म्हणून तो दिसला तर सरळ विचारा: ‘लाळ जास्त तयार होते आहे, की गिळली जात नाही?’ कारण काही औषधांनी लाळ खरोखरच वाढते. स्मृतिभ्रंशासाठी दिल्या जाणाऱ्या रिव्हास्टिग्मिन आणि डोनेपेझिलने ती वाढू शकते. भास होणाऱ्या रुग्णांना कधी कधी क्लोझापिन देतात. त्याने विशेषतः रात्री उशी भिजते. आणि मळमळीवर कुणी मेटोक्लोप्रमाइड दिलं असेल तर ते पार्किन्सन्सची लक्षणंच वाढवतं, त्यात गिळणंही आलं. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्याही. स्वतःहून मात्र एकही बंद करू नका.

आता घरात काय करायचं ते.

उद्या बाबा शांत बसलेले असताना पाच मिनिटं त्यांच्याकडे बघा. टक लावून नाही, सहज. कंठमणी किती वेळा वर जातो? ओठ मिटलेले आहेत का? आणि मान? बहुतेक घरांत मला हेच दिसतं, की माणूस खोलगट, मऊ खुर्चीत रुतून बसलेला असतो, मोबाइल मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली. त्या स्थितीत निरोगी माणसालाही लाळ मागे नेणं जड जाईल. खुर्ची जरा उंच आणि ताठ पाठीची द्या. पाय जमिनीवर टेकले पाहिजेत आणि कोपरांना खुर्चीच्या हातांचा आधार हवा. मोबाइल किंवा वर्तमानपत्र वाचायला समोर स्टँड ठेवा, टीव्ही डोळ्यांच्या पातळीला आणा. मान मागे टाकायला मात्र सांगू नका. डोकं मागे गेलं की लाळ श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. हनुवटी जमिनीला समांतर, एवढं पुरे.

दुसरी गोष्ट गिळण्याची आठवण. जे काम आपोआप होत नाही ते लक्ष देऊन केलं तर पार्किन्सन्समध्येही बऱ्यापैकी जमतं, आणि उपचारांचा मोठा भाग यावरच उभा आहे. बाबांना एक क्रम शिकवा: ओठ मिटा, जीभ टाळूला लावा, जोर लावून गिळा. बोलायला सुरुवात करण्याआधी एकदा, खुर्चीतून उठण्याआधी एकदा, फोन उचलण्याआधी एकदा. बोलण्याआधी गिळलं तर आवाजही स्वच्छ येतो, आणि स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू आला की माणूस बोलायला धजतो. काही जण घड्याळाला किंवा मोबाइलला ठरावीक वेळाने थरथरायला लावतात, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळल्यानेही गिळण्याची लय वाढते, विशेषतः बाहेर जाताना ते उपयोगी पडतं. पण चावणं-गिळणं सुरक्षित आहे हे तपासून झाल्याशिवाय ते देऊ नका, आणि कवळी सैल असेल तर आधी ती नीट करून घ्या. चघळायच्या कडक गोळ्या नकोत. त्या घशात अडकतात.

पुसण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दिवसातून सर्वाधिक वेळा होणारी गोष्ट तीच आहे. पुसू नका, टिपा. कापड ओठांवरून फराफरा फिरवलं की दोन गोष्टी होतात: त्वचा सोलवटते, आणि ओठांना घासल्यामुळे लाळ आणखी सुटू शकते. मऊ सुती कापड ओठांच्या कोपऱ्याला हलकेच दाबायचं, ओल शोषली जाऊ द्यायची, उचलायचं. हनुवटीला रात्री झोपताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. ओठांचे कोपरे लाल होऊन चिरले आणि आठवडाभरात बरे झाले नाहीत तर दाखवून घ्या, तिथे बुरशीचा संसर्ग होतो आणि त्याला वेगळं मलम लागतं. कापड बाबांच्याच हाताशी असू द्या. मनगटावर टॉवेलच्या कापडाचा पट्टा बांधला तर खेळाडू घाम टिपतात तसं ते स्वतः टिपू शकतील, कुणाच्या लक्षातही येणार नाही. लाळेरं मात्र आणू नका, मोठ्या मापाचं मिळत असलं तरी. लाळेरं बाळांसाठी असतं. बाळांची लाळ साधारण दीड-दोन वर्षांत आपोआप थांबते, कारण ती गिळायला शिकत असतात. बाबा आयुष्यभर गिळत आले आहेत. गडद रंगाचा, नक्षीचा शर्ट घातला तर डाग दिसत नाही, आणि सुती गमछा किंवा स्कार्फ गळ्यात सहज शोभतो.

आईंना कसं सांगायचं ते तुम्ही जास्त जाणता. त्या काळजीपोटीच म्हणतात, आणि दिवसभर तेच ते करून दमल्याही असतील. पण ‘तोंड पुसा’ हे चारचौघांत ऐकणं किती लागतं याची कल्पना करा. त्याऐवजी दोघांनी मिळून एक खूण ठरवावी. आईंनी बाबांच्या हाताला हलकासा स्पर्श केला की बाबांनी आधी गिळायचं, मग टिपायचं. क्रम हाच. गिळलं तर पुसण्याची वेळच कमी येते. आणि ही खूण कोणती असावी ते बाबांनी ठरवावं. या सगळ्याबद्दल घरात कोणता शब्द वापरायचा तेही त्यांनाच विचारा. तुम्ही या शब्दाचा अर्थ शोधलात, मला पत्र लिहिलंत, पण बाबांशी यावर बोललात का, ते पत्रात कुठे दिसलं नाही. ‘बाबा, तो मेसेज तुम्ही वाचलात ना? वाईट वाटलं असेल’ इतकं सरळ विचारलंत तरी चालेल. ते गप्प राहिले तर राहू द्या. बोलायला त्यांना आता वेळ लागतो, आणि उत्तर येण्याआधीच आपण विषय बदलतो, असं फार घरांत होतं.

तोंडाची स्वच्छता लाळेइतकीच महत्त्वाची आहे. न गिळलेली लाळ तोंडात साठते, तिच्यात जंतू वाढतात, आणि तिचा थोडासा भाग जरी श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. सकाळी आणि रात्री दात घासणं, जीभ साफ करणं, रात्री कवळी काढून धुणं, यात खंड पडू देऊ नका. झोपताना डोक्याकडची बाजू थोडी उंच करा आणि शक्य असेल तर त्यांना कुशीवर झोपू द्या.

आता जे मी पत्रातून सांगू शकत नाही, त्यासाठी बाबांना प्रत्यक्ष दाखवायला हवं. गिळणं कमी झालं असेल तर ते फक्त लाळेपुरतं आहे की अन्न-पाण्याचंही, हे पाहावं लागतं. पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज ओला, घोगरा येतो का? जेवायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो का? वजन उतरलंय का? गोळी घशात अटकते का? मधूनमधून कणकण, छातीत कफ? यातलं एकही उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि ठसका लागत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. पार्किन्सन्समध्ये अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला न येणं हे नेहमीचं आहे. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात, किंवा एक्स-रेखाली गिळण्याचं चित्रण करतात. दोन्ही तपासण्या थोड्या वेळाच्या आहेत, आणि कोणता घोट, कोणता घास, कोणत्या स्थितीत सुरक्षित आहे ते त्यांतून कळतं.

लाळ अचानक, एका दिवसात सुरू झाली, त्याबरोबर तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात उचलेनासा झाला, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. ताप आणि घसादुखीसह लाळ गिळताच येईनाशी झाली, श्वासाला आवाज येऊ लागला, तरीही तसंच. तुमच्या बाबांचं दुखणं महिन्यांत हळूहळू वाढलेलं आहे, म्हणून हे त्यांचं वर्णन नाही, पण घरात सगळ्यांना माहीत असावं.

औषधांचं म्हणाल तर पहिली पायरी नवीन गोळी नसते, आहे त्या गोळ्यांचं वेळापत्रक असतं. आठवडाभर एका वहीत लिहा: लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची, गोळी किती वाजता, आणि लाळ कधी जास्त, कधी कमी. काही रुग्णांची लाळ गोळीचा असर ओसरल्यावर वाढते. तसं दिसलं तर डॉक्टर वेळा बदलून बघतात, आणि तेवढ्याने कधी कधी बराच फरक पडतो.

लाळ आटवणारी औषधं आहेत, पण ती म्हाताऱ्या माणसाला देताना हात आखडता घ्यावा लागतो. थरथर कमी करणारं ट्रायहेक्सिफेनिडिल तोंड कोरडं करतं, म्हणून कुणी सुचवेल. त्याने या वयात विसराळूपणा, गोंधळ, भास, लघवी अडकणं असे त्रास होऊ शकतात. अ‍ॅट्रोपिनचे डोळ्यांत घालायचे थेंब जिभेखाली देण्याची पद्धतही आहे, ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालची. घरी शीशी आणून प्रयोग करू नका. ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून त्यामानाने डोकं गोंधळण्याची भीती कमी, पण बद्धकोष्ठता आणि लघवीचा त्रास त्यानेही होतो. आणि तोंड पार कोरडं झालं तर दात किडतात, चव जाते, घास फिरवता येत नाही. लाळ आपली शत्रू नाही, ती गिळली गेली पाहिजे एवढंच.

बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, ज्याला लोक सरसकट बोटॉक्स म्हणतात, हा सध्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे असं माझं मत आहे. अर्थात घरगुती उपाय आणि गिळण्याचा सराव करूनही लाळ चारवरून हलत नसेल तेव्हा. ते कानांपुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींत, बहुतेकदा सोनोग्राफीवर बघत, थोड्या प्रमाणात देतात. ग्रंथींना मिळणारा संदेश कमी होतो आणि लाळ घटते. असर आठवडा-दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा द्यावं लागतं. मोठ्या माणसांच्या दीर्घकाळ गळणाऱ्या लाळेसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याच्या एका प्रकाराला २०१८ मध्ये आणि दुसऱ्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. तोंड कोरडं पडणं आणि काही काळ गिळायला जड जाणं हे त्याचे दुष्परिणाम. म्हणून आधी गिळण्याची तपासणी, मग इंजेक्शन, आणि तेही ज्यांचा हात यात बसलेला आहे त्यांच्याकडूनच. ग्रंथींवरच्या शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार फार क्वचित, बाकी सगळं थकल्यावर. तो विचार तुम्ही आत्ता करायचं कारण नाही.

पुढच्या भेटीला वही, गोळ्यांची यादी आणि हे तीन प्रश्न घेऊन जा: कोणत्या गोळीमुळे लाळ वाढते आहे का? गिळण्याची तपासणी कधी करायची? वाचा-उपचारतज्ज्ञांकडे (म्हणजे बोलण्या-गिळण्यावर उपचार करणाऱ्यांकडे) चिठ्ठी द्याल का? तिसरा प्रश्न आवर्जून विचारा, कारण डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो आणि विचारल्याशिवाय ही चिठ्ठी बऱ्याचदा मिळत नाही. आणि प्रश्न बाबांनाच विचारू द्या. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, खोलीत शिरण्याआधी एकदा गिळायची आठवण करा, आणि ते बोलत असताना मध्ये वाक्य पूर्ण करू नका. डॉक्टर तुमच्याकडे बघून उत्तर देऊ लागले तर नम्रपणे म्हणा, ‘बाबांनाच सांगा, ते ऐकताहेत.’